‘एमएलसी करावी लागेल’ म्हणजे नेमकं काय?

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तीन अक्षरं अशी आहेत की ती ऐकली की सोबत आलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. एमएलसी. ‘मेडिको-लीगल केस करावी लागेल,’ असं एखादा विशी-पंचविशीतला डॉक्टर लिहिता लिहिता सांगतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. पोलीस कशाला? आम्ही काय केलंय? जिन्यावरून पडलेत हो बाबा, घरातलीच गोष्ट आहे, राहू द्या ना.

तर मंडळी, या वेळी आपण त्या लिहिणाऱ्या डॉक्टरच्या वहीत डोकावणार आहोत. दुसऱ्यांच्या अभ्यासात नाक खुपसणं हेच तर या सदराचं काम. मी पडले बी.ए. इंग्रजीवाली, पण माझी मावसबहीण महाराष्ट्राबाहेरच्या एका सरकारी कॉलेजात एमबीबीएस करते. तिच्या फोरेन्सिक मेडिसिन आणि टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे न्यायवैद्यक आणि विषशास्त्राच्या नोट्स मी दोन आठवडे वाचत होते. टीव्हीवरच्या मालिकांमुळे या विषयाचं नाव घेतलं की आपल्याला प्रेत, हातमोजे आणि चष्मा पुसणारे डॉक्टर आठवतात. प्रत्यक्षात यातला बराचसा भाग जिवंत माणसांबद्दल आहे. तुमच्या-माझ्या घरच्या माणसांबद्दल.

सुरुवात मजेशीर आहे. या विषयाच्या विभागात एक म्युझियम असतं आणि परीक्षेत तिथल्या वस्तू ओळखायला लावतात. त्यात ठेवलेल्या अर्ध्या गोष्टी आपल्या परसात किंवा देवघरात सापडतील. महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तो धोतरा. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी, जिच्या बियांशी लहानपणी आपण खेळलो. गुंज, जिचा गोड पाला विड्यात घालतात आणि जिच्या लाल-काळ्या बीवर पूर्वी सोनार सोनं तोलायचे. पाला खाल्ला तर काही होत नाही, बी मात्र जहाल विषारी असते. बिट्टीचं विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. घरात रांगतं मूल असेल आणि कुंपणाला पिवळी कण्हेर असेल, तर आज संध्याकाळी एकदा खाली पडलेल्या बिट्ट्या उचलून टाका.

परीक्षेतला हमखास प्रश्न म्हणजे धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी यांतला फरक. ऐकायला हसू येतं, पण दोन्ही बिया चपट्या, लहान आणि एका नजरेत सारख्याच वाटणाऱ्या. धोतऱ्याचं बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं आणि कडू. मिरचीचं फिकट पिवळं आणि तिखट. हे घोकायचं कारण जुनं आहे. वाटसरूंना खाण्यापिण्यातून धोतरा घालून लुटायची रीत आपल्या देशात एवढी चालत आली की पाठ्यपुस्तकांत धोतऱ्याची ओळखच ‘वाटेवरचं विष’ अशी झाली. जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकावरचं इंग्रजी पुस्तक १९२० साली पहिल्यांदा छापलं गेलं आणि अजूनही कोर्टात त्याचा आधार घेतात. विलायती पुस्तकं असताना आपल्याकडे वेगळं पुस्तक का लागलं, याचं उत्तर या बरण्यांतच आहे. इथलं विष इथल्या मातीतलं.

आणि बिब्बा. ‘चांगल्या कामात बिब्बा घातला’ असं आपण सहज म्हणतो. हाच बिब्बा पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला वापरायचे, आणि हाच बिब्बा खोट्या मारहाणीच्या तक्रारीत पुरावा म्हणून अंगावर लावला जायचा. त्याचा रस कातडीला लागला की काळानिळा डाग पडतो, थेट मुका मार बसल्यासारखा. विद्यार्थ्यांना शिकवतात की खऱ्या माराच्या डागाला खाज सुटत नाही, बिब्ब्याच्या डागाला सुटते. त्याच्या कडेला बारीक फोड येतात, आणि खाजवल्यामुळे तो रस बोटांना लागून भलतीकडेही उमटतो. शिवाय असा डाग नेहमी स्वतःचा हात पोहोचेल अशाच जागी असतो. मला हा धडा वाचताना शेरलॉक होम्स आठवला नाही, गावाकडची भाऊबंदकी आठवली.

याच पानांवर एक गोष्ट आहे जिच्यापाशी हसू थांबतं. मुका मार बसला की डाग आधी लाल, मग निळा-काळा, मग तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा आणि साधारण दोन आठवड्यांत नाहीसा होतो. प्रत्येकाच्या कातडीनुसार यात पुढेमागे होतं, म्हणून रंगावरून तारीख सांगू नका असंही बजावतात. पण बालरोग विभागात एखादं मूल ‘काल पलंगावरून पडलं’ म्हणून आणलं आणि त्याच्या पाठीवर एक डाग लाल, एक हिरवा, एक पिवळा दिसला, तर ते सगळं काल झालेलं नसतं. जिन्यावरून घसरलेल्या सुनेचंही तेच. घरची माणसं एक गोष्ट सांगत असतात आणि कातडी दुसरीच. डॉक्टरने त्या क्षणी भांडायचं नाही, आरोप करायचा नाही. प्रत्येक डागाची लांबी, रुंदी, रंग आणि जागा लिहून ठेवायची.

लिहून ठेवणं हाच या विषयाचा प्राण आहे, असं माझं मत झालंय. डोक्यावर काठी बसली की कवटीवरची ताणलेली कातडी सरळ रेषेत फाटते आणि जखम चाकूने कापल्यासारखी दिसते. घाईत ‘धारदार शस्त्राची जखम’ असं लिहिलं तर खटल्याची दिशाच बदलते. म्हणून भिंगातून बघायला शिकवतात. कडा चेचलेल्या आहेत का, केस तुटलेत की चिरडलेत. दात पडला किंवा साधं हाड मोडलं तरी कायद्याच्या भाषेत ती ‘गंभीर दुखापत’ होते, हे मला या नोट्समधूनच कळलं. पूर्वी भारतीय दंड संहितेत वीस दिवस तीव्र वेदना सोसाव्या लागल्या किंवा रोजचे व्यवहार बंद पडले तर दुखापत गंभीर धरत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते दिवस पंधरावर आले. म्हणजे आता पाठ करायचा आकडाही बदलला.

आता एमएलसीकडे येऊ. अपघात, भाजणं, विषबाधा, मारहाण, संशयास्पद पडणं अशा केसमध्ये डॉक्टरने पोलिसांना कळवायचं असतं आणि कागदावर नोंद करायची असते. एवढंच. एमएलसी म्हणजे गुन्हा नोंदवला असं नाही. कुणी गुन्हा केला की नाही हे ठरवणं डॉक्टरचं कामच नाही, हे विद्यार्थ्यांना अगदी पहिल्या तासापासून सांगतात. नोंद करावी की नाही हा निर्णयही डॉक्टरचा. आपण ‘नको’ म्हटल्याने ती टळत नाही, आणि ‘नको’ म्हणण्यात गेलेला वेळ पेशंटचा असतो.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आधी उपचार, मग कागद. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ साली स्पष्ट सांगितलं की जखमी माणूस समोर आल्यावर सरकारी असो वा खासगी, कुठल्याही डॉक्टरने पोलिसांच्या सोपस्कारांसाठी थांबायचं नाही. ‘ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्या’ असं कुणी दारातून म्हणालं, तर तातडीचे उपचार तरी तिथे मिळालेच पाहिजेत. हा निकाल विद्यार्थ्यांच्या वहीत लाल पेनने अधोरेखित केलेला असतो. आपल्याला माहीत नसतो, म्हणून आपण मुकाट्याने रिक्षा वळवतो.

एमएलसीच्या कागदावर दोन ठिकाणी नातेवाईक चिडतात, असं बहीण सांगते. एक, डॉक्टर अंगावरच्या दोन खुणा शोधतात. ‘माणूस तळमळतोय आणि तुम्ही तीळ काय बघताय?’ उद्या कोर्टात हा कागद याच माणसाचा, हे सिद्ध करायला ती खूण लागते. दुसरं कारण एका शब्दाचं. डॉक्टर लिहितात, ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ’ पडणं, म्हणजे ‘सांगण्यानुसार’ जिन्यावरून पडले. कागद वाचणारा मुलगा भडकतो, आमच्यावर विश्वास नाही का? डॉक्टरने ते पडणं डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्याने जे पाहिलं ते एका रकान्यात आणि जे ऐकलं ते दुसऱ्या. या दोन रकान्यांची सरमिसळ होऊ न देणं, हे शिकायला म्हणे एक वर्ष लागतं. आमच्या क्षेत्रात लिहिणाऱ्यांना कुणी हे वर्षभर शिकवलं तर काय बहार येईल, पण ते असो.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते विषबाधेच्या प्रकरणापाशी. आणि त्याचं कारण एक मराठी शब्द आहे.

गावाकडे कुणी कीटकनाशक पोटात घेतलं तर आपण ‘विष प्यायला’ असं म्हणत नाही. ‘औषध घेतलं’ म्हणतो. फवारणीचं औषध, उंदराचं औषध, ढेकणांचं औषध. हिंदीतही ‘दवाई पी ली’ असंच म्हणतात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, काय झालं? आई डोळे पुसत सांगते, औषध घेतलं हो पोराने. शहरात वाढलेल्या नव्या डॉक्टरला वाटतं, कुठलंतरी औषध घेतल्यावर रिअ‍ॅक्शन आली. म्हणून ‘औषध म्हणजे कुठलं? शेतातलं की दुकानातलं?’ हा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागते. आणि हा तरी निरागस गोंधळ. याहून मोठा गोंधळ मुद्दाम केलेला असतो. ‘काही नाही, जेवणातून बाधलं.’ ‘उन्हाने चक्कर आली.’ घराण्याची अब्रू, मुलीचं लग्न, पोलिसांची भीती, या सगळ्यापोटी खरं नाव कुणी घेत नाही.

नाव न सांगितल्याने काय होतं ते बघा. शेतीत वापरली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं अंगात गेली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ वाहते, घाम फुटतो, स्नायू फडफडतात, छातीत पाणी साठल्यासारखं होतं. विद्यार्थी हे चित्र पाठ करतात, म्हणून इथे घरच्यांनी लपवलं तरी डोळे आणि घाम चुगली करतात. उतारा म्हणून अ‍ॅट्रोपिन देतात, छाती मोकळी होईपर्यंत थोड्या थोड्या मिनिटांनी पुन्हा पुन्हा. गंमत म्हणजे हे अ‍ॅट्रोपिन धोतऱ्याच्या विषातलंच एक द्रव्य आहे. वरच्या बरणीतलं विष इथे सलाइनच्या स्टँडपाशी उतारा म्हणून उभं राहतं. ते अंगात भिनलं की पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडायला बघतो, कधी हातपाय बांधून ठेवावे लागतात. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांनी आमच्या माणसाला वेडं केलं. तुमच्या कुणावर अशी वेळ आली तर एवढं आठवा, ती बडबड बहुतेक वेळा औषधाची असते आणि उतरते.

हे विष फक्त रागाच्या भरात पोटात जातं असंही नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. पोटात काही न घेता. कातडीतून आणि श्वासातून. फवारून आलेला माणूस ‘गरगरतंय’ म्हणाला तर पहिलं काम म्हणजे अंगावरचे कपडे काढून साबणाने अंघोळ घालणं आणि डबा घेऊन दवाखाना गाठणं. डॉक्टरांनाही हेच शिकवतात. कपडे अंगावर असतील तर विष आत जातच राहतं, सलाइन कितीही लावा.

काही विषं मात्र चुगली करत नाहीत, आणि लपवाछपवी खरी जिवावर येते ती इथे. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेल्यावर थोडी उलटी होते, मग माणूस एकदम बरा दिसतो. एक दिवस, कधी दोन-तीन दिवस. घरचे म्हणतात, सुटलो, चला डिस्चार्ज घेऊ, कुणाला कळायच्या आत घरी जाऊ. आणि त्या शांत दिवसांत यकृत आतल्या आत निकामी होत असतं. तापावरच्या साध्या पॅरासिटामॉलचा डोस फार जास्त झाला तरी असाच फसवा काळ येतो. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणजे पेशंट गप्पा मारत बसलेला असतानाच खरं सांगायला हवं. कावीळ दिसल्यावर सांगितलं, तर डॉक्टर तुमच्याकडे बघून काहीच बोलत नाहीत. ते न बोलणंही प्रशिक्षणाचाच भाग असावा.

राहिली पोलिसांची भीती. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा ३०९ कलमाखाली गुन्हा होता आणि आपल्या मनात तो अजून तसाच बसलाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. नव्या न्याय संहितेत तर ते जुनं सरसकट कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेल्या प्रयत्नापुरतंच आता कलम आहे. तेव्हा पोराला तुरुंगात टाकतील या भीतीने डॉक्टरांपासून डबा लपवू नका. डबा, बाटली, गोळ्यांचं रिकामं पाकीट, जे असेल ते पिशवीत घालून सोबत न्या. नसेल तर फोटो काढा, नाव आणि साधारण वेळ सांगा.

आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलट्या करवणं कृपा करून बंद करा. रॉकेल किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवल्याने दुप्पट नुकसान होतं. रॉकेल फुफ्फुसात शिरतं, अ‍ॅसिड अन्ननलिका पुन्हा भाजत वर येतं. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा टोल फ्री नंबर. आणि मनात तसले विचार येत असतील, तुमच्या किंवा शेजारच्या कुणाच्या, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर. तिथे आपल्या भाषेत बोलता येतं.

सापाचं प्रकरण मात्र या वहीतलं माझं आवडतं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे आपल्याकडचे चार मुख्य. कुठला चावला हे कळायला साप मारून पिशवीतून आणायची गरज नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि ते ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की मला खरं वाटेना. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. मशीन नाही, वीजही लागत नाही. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात फक्त घड्याळ हवं.

मण्यारीचं उलटं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतसुद्धा नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणून पावसाळ्यात पहाटे कुणी पोटदुखी घेऊन आलं तर ‘रात्री कुठे झोपला होता?’ असं विचारायला शिकवतात. पोटदुखीचा आणि झोपायच्या जागेचा संबंध! असा पेशंट पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाही, बाहुल्याही हलत नाहीत, बघणाऱ्याला वाटतं संपलं. पण श्वासाला यंत्राचा आधार मिळाला तर तो काही दिवसांत उठून बसू शकतो. आणि त्या काळात त्याला आजूबाजूचं ऐकू येत असू शकतं, तेव्हा पलंगाशेजारी रडारड आणि क्रियाकर्माची बोलणी करू नका. आणखी एक, लहान मुलाला साप चावला तर लशीचा डोस मोठ्यांइतकाच लागतो. विष सापाने तेवढंच सोडलेलं असतं, तो समोरच्याचं वय बघत नाही. ‘एवढ्याशा जिवाला एवढी इंजेक्शनं?’ असं म्हणून डॉक्टरांचा हात धरू नका.

या विषयात आपल्या माणसांचं कामही मोठं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या छोट्या आरोग्य केंद्रात विंचू चावून मरणारी माणसं, विशेषतः मुलं, पाहिली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज देशभरचे विद्यार्थी विंचवाच्या धड्यात हे वाचतात.

आता थोडं कडू. पाठ्यपुस्तकात छापलेलं सगळं बरोबरच असतं असं नाही, आणि या विषयात चुकीच्या ओळीची किंमत बाईला मोजावी लागते. वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना ‘कौमार्याची लक्षणं’ नावाचा भाग शिकवला जायचा. त्याला शास्त्रीय आधार नाही, हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर सातत्याने मांडत राहिले, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढायचा निर्णय घेतला. बलात्कार पीडितेची ‘टू फिंगर टेस्ट’ करू नका हे सुप्रीम कोर्टाला २०१३ मध्ये सांगावं लागलं आणि २०२२ मध्ये पुन्हा, अभ्यासक्रम तपासा असं बजावून. एवढं होऊनही ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात हे जुने धडे परत डोकावले. आरडाओरडा झाला, काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. मला यात राग आणणारी गोष्ट ही वाटते की आज शिकवलेली ओळ पुढची तीस वर्षं त्या डॉक्टरच्या लेखणीतून उतरत राहते. अशा तपासणीसाठी तुमच्या घरातल्या कुणाला जावं लागलंच तर संमती विचारली जाणं, उपचार फुकट मिळणं आणि ती जुनी तपासणी न होणं हा हक्क आहे. सरकारी हॉस्पिटलमध्येही, खासगीमध्येही.

मृत्यूनंतरच्या भागावर फार रेंगाळत नाही, पण दोन-तीन गोष्टी घरात माहीत असाव्यात. पोलीस केसमधल्या शवविच्छेदनाला नातेवाइकांची परवानगी लागत नाही, म्हणून तिथे हुज्जत घालून उशीरच होतो. विवाहितेचा लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला तर ते कायद्यानेच करावं लागतं. सूर्यास्तानंतर होत नाही हा जुना नियमही आता तेवढा कडक नाही. नोव्हेंबर २०२१ पासून जिथे पुरेसा उजेड आणि सोय आहे तिथे रात्रीही करता येतं, फक्त खून, आत्महत्या, बलात्कार अशा प्रकरणांत सहसा नाही. पेपरात आपण ‘व्हिसेरा राखून ठेवला’ वाचतो, तो पोटातल्या अवयवांचा थोडा भाग असतो, साध्या मिठाच्या दाट पाण्यात ठेवून प्रयोगशाळेत पाठवलेला. लोणच्यासारखं मीठ, हो.

आणि मृत्यूचा दाखला हातात आला की कारणाचा रकाना वाचा. तिथे नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडून’ असेल तर विद्यार्थ्यांच्या परीक्षेत त्याला शून्य मार्क मिळतात. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, ते कशामुळे पडलं हे लिहायचं असतं. विमा, वारसा आणि घरातला आनुवंशिक आजार, तिन्हींसाठी तो रकाना लागतो. तेव्हा दुःखातही नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, मूळ आजार लिहाल का?’

शेवटी वहीतलं एक पान, जे मी फोटो काढून ठेवलंय. मृत्यूपूर्व जबाब घेताना पेशंट शुद्धीवर आहे, त्याला समजतंय, याची खात्री डॉक्टरने करायची असते. शक्यतो दंडाधिकारी जबाब घेतात, वेळ नसेल तर डॉक्टर स्वतः. शपथ घ्यायची नसते. आणि जबाब लिहायचा तो बोलणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या भाषेत, जसाच्या तसा. म्हणून परराज्यात शिकणाऱ्या मुलांना आधी तिथली बोली शिकावी लागते. बहिणीने तिच्या वर्गातल्या केरळच्या मैत्रिणीसाठी एक यादी केलीय, वॉर्डात मराठी पेशंट आला तर असावी म्हणून. तिच्या शहरात आपली माणसं बरीच आहेत, पिढ्यान् पिढ्या राहिलेली. यादीत लिहिलंय: कळ वेगळी, ठणका वेगळा. चमक म्हणजे उजेड नाही. रग, मुंग्या, जळजळ, मळमळ, घेरी, कसंतरीच होणं. ‘कसंतरीच’पुढे तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय आणि कंसात लिहिलंय, हे सांगता येत नाही, पेशंटच्या तोंडाकडे बघ.